स्वस्त फोन कोणता? नदीकाठचा एक हिशेब

शिरोळ किंवा जयसिंगपूरच्या बाजारपेठेत मोबाइलच्या दुकानापाशी थोडा वेळ उभे राहिले, की एक प्रश्न हमखास ऐकू येतो : ‘स्वस्तात कुठलं कार्ड बसतंय?’ गेली वीस-पंचवीस वर्षे हा प्रश्न विचारला जात आहे आणि त्याचे उत्तर दर दोन-चार वर्षांनी बदलत आले आहे. कंपन्यांनी दर कमी-जास्त केले म्हणून ते बदलले, असे आपल्याला वाटते. पण जुने दर समोर ठेवून बसले तर दुसरीच गोष्ट दिसते. दरांपेक्षा जास्त वेळा बदलले ते मोजण्याचे माप. ऊस टनावर, दूध लिटरवर, कापड मीटरवर विकतात. माणसाचे बोलणे मात्र आधी पल्सवर विकले गेले, मग मिनिटावर, मग सेकंदावर आणि आता ते दिवसांवर विकले जाते. माप बदलले की तेच बोलणे एकाला स्वस्त आणि दुसऱ्याला महाग पडते. विज्ञान आणि गणित शिकवणाऱ्यांना हा इतिहास जवळचा वाटावा, कारण तो सगळा एककांचा इतिहास आहे.

हा इतिहास शिरोळ तालुक्यातून पाहण्याला एक खास कारण आहे. कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम याच तालुक्यात, नृसिंहवाडीला होतो. तालुक्याच्या दक्षिणेला आणि पूर्वेला राज्याची हद्द लागते. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराकडून कृष्णा ओलांडली की जुगूळ, ते कर्नाटकात. दत्तवाडकडून दूधगंगा ओलांडली की सदलगा, तेही कर्नाटकात. चिकोडी आणि अथणी हे पलीकडचे भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्ह्याबरोबर ते म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. लोकांचे व्यवहार काही थांबले नाहीत. मुली अलीकडे-पलीकडे दिल्या जातात, वाडीला कानडी बोलणारे भाविक येतात, बाजार दोन्हीकडचा भरतो. पुढे मोबाइल आला तेव्हा ही १९५६ ची रेघ एकाएकी पैशांत मोजली जाऊ लागली. ते कसे, हे पाहण्याआधी थोडे मागे जाऊ.

ग्रामीण भागात टेलिफोन खऱ्या अर्थाने पोचला तो १९८० च्या दशकाच्या अखेरीस. सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. खेड्यातल्या उकाड्यात, धुळीत, वातानुकूलनाशिवाय चालेल असे छोटे टेलिफोन केंद्र बनवणे हे तिचे एक काम होते. या संस्थेचे पहिले ग्रामीण केंद्र १९८६ मध्ये बसले ते बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला, म्हणजे आपल्यापासून फार दूर नव्हे. त्यानंतर गावोगाव पिवळ्या पाट्यांचे पीसीओ निघाले. पीसीओतल्या यंत्रावर आकडे पळताना ज्यांनी पाहिले आहेत त्यांना पल्स म्हणजे काय हे निराळे सांगायला नको. तरुण वाचकांसाठी सांगतो. एका पल्सची किंमत ठरलेली असे. त्या किमतीत बोलायला मिळणारा वेळ अंतराप्रमाणे बदले. स्थानिक फोनला एका पल्समध्ये काही मिनिटे मिळत, मुंबईला लावला तर काही सेकंद. म्हणजे अंतर वाढले की भाव न वाढवता मापच लहान करायचे. दुकानदाराने दर तोच ठेवून किलोचे वजन हलके करावे, तसा हा प्रकार. फक्त इथे तो उघडपणे आणि सरकारी मान्यतेने चाले. दिवसाच्या वेळेप्रमाणेही माप बदले. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पावपट होई, म्हणून पीसीओसमोर रात्री उशिरा रांग लागे. टेलिफोन खाते एकच असल्याने ‘कोणती कंपनी’ हा प्रश्नच नव्हता. निवड होती ती वेळेची.

मोबाइल आला १९९५ साली. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन केला, तो देशातला पहिला मोबाइल संवाद मानला जातो. त्या वेळी ठरलेला दर मिनिटाला ८ रुपये ४० पैसे होता, आणि गर्दीच्या वेळी त्याच्या दुप्पट, १६ रुपये ८० पैसे. शिवाय आलेल्या फोनलाही पैसे पडत. खिशात मोबाइल असलेला माणूस फोन वाजला की नंबर पाहून तो कापे आणि जवळच्या पीसीओत जाऊन उलटा फोन करी, हे दृश्य तेव्हा विनोदी वाटत नसे.

खासगी कंपन्यांना परवाने देताना सरकारने देशाचे जे भाग पाडले त्यांना परिमंडळे, लोकांच्या भाषेत ‘सर्कल’, म्हणतात. चार महानगरे वेगळी काढली आणि बाकीच्या देशाची परिमंडळे बहुतेक ठिकाणी राज्यांच्या हद्दीप्रमाणे आखली. महाराष्ट्र परिमंडळात गोवा आला, मुंबई मात्र बाहेर राहिली. प्रत्येक परिमंडळात सुरुवातीला दोनच कंपन्या. महाराष्ट्रात बिर्ला एटी अँड टी आणि बीपीएल; कर्नाटकात जेटी मोबाइल्स आणि स्पाइस. म्हणजे कृष्णेच्या एका काठाला एक जोडी, दुसऱ्या काठाला दुसरी जोडी. कंपन्यांनी टॉवर आधी शहरांत आणि महामार्गांवर उभारले, तालुक्याच्या गावांपर्यंत ते यायला काही वर्षे गेली. पण जेव्हा ते आले, तेव्हा नदीकाठी एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली.

शिरोळचा बराचसा भाग सपाट, काळ्या मातीचा आणि उसाचा आहे. मध्ये डोंगर नाही. मोकळ्या सपाट प्रदेशात रेडिओ लहरी चांगल्या दूरवर जातात. नदी तर त्यांना अडथळाच नाही. त्यामुळे कर्नाटकाच्या टॉवरची लहर इकडे येणार आणि इकडची तिकडे जाणार, हे ओघानेच आले. आता मोबाइलचा संच आपला टॉवर ओळखतो कसा? प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक परिमंडळातल्या जाळ्याला एक सांकेतिक क्रमांक दिलेला असतो आणि टॉवर तो सतत प्रक्षेपित करत असतो. उदाहरणार्थ, एअरटेलचा महाराष्ट्रातला क्रमांक ४०४-९० आणि कर्नाटकातला ४०४-४५. नाव एक, रंग एक, मालक एक. पण सिमकार्डाच्या दृष्टीने ही दोन निरनिराळी जाळी. घरच्या जाळ्याची लहर मिळते आहे तोवर संच तिला धरून राहतो. ती तुटली, म्हणजे वीज गेली, टॉवर बंद पडला किंवा आपण घराच्या आतल्या खोलीत गेलो, की तो दुसरी शोधतो आणि पलीकडची सापडली तर तिच्यावर नोंद करतो. झाले, रोमिंग सुरू. माणूस आपल्या ओसरीवर, फोन कर्नाटकात.

यातली खरी गंमत पुढेच आहे. घरची लहर परत आली म्हणून संच लगेच परत येत नाही. सतत शोध घेत राहिला तर बॅटरी संपेल, म्हणून तो ठराविक काळाने घरचे जाळे शोधतो. हा काळ सिमकार्डावर सहा मिनिटांच्या पटीत नोंदलेला असतो आणि नोंद नसेल तर प्रमाणित नियमाप्रमाणे तो एक तास धरला जातो. म्हणजे वीज दहा मिनिटे गेली, तरी फोन तासभर परराज्यात राहू शकतो. २००७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, रोमिंगमध्ये आलेल्या फोनला मिनिटाला जास्तीत जास्त १ रुपया ७५ पैसे अशी मर्यादा घातली. घरी फुकट असलेला दहा मिनिटांचा फोन नदीकाठी साडेसतरा रुपयांना पडू शकत होता. त्यावर उपाय संचातच होता : जाळ्याची निवड ‘आपोआप’ऐवजी ‘हाताने’ अशी करून ठेवायची. हे ज्याला माहीत नसे त्याची शिल्लक कुठे गेली हे त्याला कळत नसे. अशा गावात स्वस्त कंपनी म्हणजे जिचा आपल्या बाजूचा टॉवर जवळ आहे आणि ज्याला डिझेल वेळेवर मिळते, ती. जाहिरातीतला दर त्यानंतर.

हीच रेघ ऊसतोडणीला येणाऱ्या माणसांनाही लागली. शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्यासारख्या कारखान्यांच्या हद्दीत बीडकडून आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून टोळ्या येतात. बीड ते शिरोळ अंतर सुमारे तीनशे किलोमीटर. परिमंडळ एकच, म्हणून रोमिंग नाही. तीच टोळी उगारच्या कारखान्याकडे गेली तर शिरोळपासून जेमतेम तीसेक किलोमीटर पुढे. पण तिथे गावाकडून आलेल्या प्रत्येक फोनला पैसे. मुले आजी-आजोबांकडे ठेवून आलेल्या आईबापांच्या दृष्टीने हा फरक काय असेल, हे ज्यांच्या वर्गात अशी मुले आहेत त्या शिक्षकांना सांगायला नको.

याहूनही छोटी हद्द काही काळ अस्तित्वात होती. टाटा आणि रिलायन्स यांच्या सीडीएमए फोनना आधी ‘मर्यादित भ्रमण’ एवढीच परवानगी होती. हा फोन नियमाने आपल्या एसटीडी कोडच्या क्षेत्राबाहेर चालू नये. देशात अशी सुमारे २६०० क्षेत्रे आहेत आणि ती बहुधा तालुक्याएवढी आहेत. शिरोळ-जयसिंगपूरचे ०२३२२. जयसिंगपूरहून सांगली दहा-बारा किलोमीटरवर, पण तिचा कोड ०२३३. फिरता फोन, पण तालुक्यापुरता फिरणारा! नोव्हेंबर २००३ मध्ये एकत्रित परवान्याचे धोरण आले आणि ही विचित्र अट गेली. रिलायन्सने त्याच वर्षी जुलैमध्ये ५०१ रुपयांत संच देण्याची योजना काढून मोबाइल शेतकऱ्याच्या आणि रिक्षावाल्याच्या हातात पोचवला हे खरे. मात्र तो संच त्याच कंपनीला बांधलेला असे. कार्ड काढून दुसरे घालावे, तर त्यात कार्डच नव्हते.

आता २००३ मधल्या सर्वांत मोठ्या बदलाकडे येऊ. १ मे २००३ पासून ‘फोन करणाऱ्याने पैसे भरावेत’ हे तत्त्व लागू झाले आणि येणारा फोन फुकट झाला. एका कंपनीचा ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन करतो तेव्हा पहिली कंपनी दुसरीला काही पैसे देते, कारण शेवटच्या टप्प्याचे काम दुसरीचे टॉवर करतात. २००४ पासून हा आकार मिनिटाला ३० पैसे होता. ग्राहकाच्या बिलात तो कुठेच दिसत नसे, पण स्वस्त कंपनी कोणती हे पुष्कळ अंशी तोच ठरवी. आपल्याच कंपनीत फोन केला तर हे ३० पैसे बाहेर जात नाहीत, म्हणून सर्व कंपन्यांनी ‘आपसांत स्वस्त’ योजना काढल्या. मग सगळ्या भावकीने एकच कंपनी घ्यायची, असा नियम घराघरांत झाला. आठ जणांच्या कुटुंबात बोलणाऱ्या जोड्या किती? आठ गुणिले सात भागिले दोन, म्हणजे २८. एकाने कंपनी बदलली तर सात जोड्या महाग होतात. म्हणून दुसरी कंपनी कितीही स्वस्त झाली तरी एकट्याने जाणे परवडत नसे. दहावीच्या वर्गात हे उदाहरण समीकरणाशिवायही पटते.

या तीस पैशांचा एक मजेदार परिणाम मार्च २००८ मध्ये दिसला. टाटांच्या जाळ्यावर चालणारी व्हर्जिन मोबाइल आली, ती ‘आलेल्या फोनचे पैसे आम्हीच तुम्हाला देऊ’ असे सांगत. मिनिटाला दहा पैसे. लोकांना ही दानशूरता वाटली. हिशेब साधा होता : बाहेरून आलेल्या प्रत्येक मिनिटाला तीस पैशांचा आकार मिळायचा, त्यातले दहा ग्राहकाला द्यायचे. पुढे हा आकार २००९ मध्ये २० पैसे, २०१५ मध्ये १४, २०१७ मध्ये ६ आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाला.

येणारा फोन फुकट झाल्यावर मिस्ड कॉलची विद्या फुलली. एक घंटा म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू फोन कर, असे संकेत ठरत. माहितीशास्त्राच्या भाषेत हा शून्य खर्चात पाठवलेला एक ‘बिट’. फोन न उचलता संदेश पोचत असल्याने कंपनीला त्यातून काही मिळत नसे. ज्यांना फोन करण्यापेक्षा घ्यायचाच जास्त असतो, अशा माणसांसाठी ही पंधराएक वर्षे सुगीची होती. डिसेंबर २००५ पासून कंपन्यांनी ९९९ रुपयांच्या आसपास ‘आजीवन’ कार्डे काढली. एकदा पैसे भरले की फोन येत राहणार. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी, सुईणीसाठी, शेतावरच्या गड्यासाठी याच्याइतके स्वस्त दुसरे काही नव्हते. आजीवन म्हणजे ग्राहकाचे नव्हे, परवान्याचे जीवन, हे बारीक अक्षरात होते.

मिनिटाच्या मापाला २००९ मध्ये धक्का बसला. टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा असा दर जाहीर केला. मिनिटाला ६० पैसे झाले. त्याआधीचा दर काही ठिकाणी याच्या जवळपासच होता. मग एवढा गाजावाजा का झाला? तर बोलणे कधीच पूर्ण मिनिटांत संपत नाही. मिनिटाचे माप असेल तर ६२ सेकंदांच्या फोनला दोन मिनिटांचे पैसे पडतात. रुपया मिनिट दराने दोन रुपये. सेकंदाच्या मापाने ६२ पैसे. फोनची लांबी कशीही असू शकते असे धरले, तर प्रत्येक फोनमागे सरासरी अर्धे माप वाया जाते. माप ६० सेकंदांचे असेल तर ३० सेकंद, १८० सेकंदांचे असेल तर ९० सेकंद. शंभर फोन केले तर पन्नास मिनिटे न बोलता भरलेली! विद्यार्थ्यांनी घरच्या फोनमधल्या पन्नास फोनांची लांबी वहीत उतरवून हा हिशेब जरूर करून पाहावा. लहान-लहान फोन करणाऱ्यांचा, म्हणजे दूधवाल्याचा, ट्रॅक्टरवाल्याचा, फायदा सर्वांत मोठा होता आणि लांब गप्पा मारणाऱ्याला तो जवळजवळ नव्हता. दर तेवढाच ठेवून नुसते माप बदलले तरी बाजार हलतो, हे यातून स्पष्ट झाले. काही महिन्यांत सर्व मोठ्या कंपन्यांना सेकंदाच्या मापावर यावे लागले.

त्या दोन-तीन वर्षांत देशात डझनभर कंपन्या होत्या आणि दोन-दोन सिमचे संच याच काळात घरोघर गेले : एक कार्ड फोन घ्यायला, दुसरे करायला. गरिबाने स्पर्धेचा पुरेपूर उपयोग करून घेतला असा हा काळ, असे माझे मत आहे. तो टिकला नाही. २००८ मध्ये वाटलेले १२२ परवाने सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी रद्द केले, आणि पुढच्या सात वर्षांत बाकीच्यांतल्याही बहुतेक कंपन्या बंद पडल्या किंवा विकल्या गेल्या.

नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर झाली. १९०० या क्रमांकावर संदेश पाठवायचा, सांकेतिक क्रमांक मिळवायचा आणि नव्या कंपनीकडे जायचे. पण ही सोय परिमंडळाच्या आतच होती. शिरोळची मुलगी सांगलीला दिली तर तिचा नंबर तिच्यापाशी राही. चिकोडीला दिली तर नवा नंबर किंवा कायमचे रोमिंग. परिमंडळाची ही भिंत ३ जुलै २०१५ रोजी पडली. त्याच सुमारास रोमिंगही उतरणीला लागले होते. येणाऱ्या फोनची मर्यादा जुलै २०१३ मध्ये ७५ पैसे आणि मे २०१५ मध्ये ४५ पैसे झाली. जून २०१५ मध्ये बीएसएनएलने रोमिंगमध्ये येणारे फोन फुकट केले. सरकारी कंपनीला नावे ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे, पण सीमाभागाच्या दृष्टीने हे पाऊल तिने मोठ्या खासगी कंपन्यांच्या आधी टाकले याची नोंद केली पाहिजे. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आले आणि २०१७ च्या वसंतात इतरांनीही रोमिंग सोडून दिले. एकसष्ट वर्षांपूर्वीची रेघ फोनच्या बिलातून पुसली गेली.

जिओने आणखी एक गोष्ट बदलली. तिच्या जाळ्यात आवाज हा निराळा नसून माहितीच्या प्रवाहातलाच एक छोटा भाग असतो. एका मिनिटाच्या बोलण्याला जितकी माहिती लागते तितकी काही सेकंदांच्या चित्रफितीत उडून जाते. मग बोलणे मोजायचे कशाला? ते फुकट आणि अमर्याद. मोजायचे ते जीबी आणि दिवस. बोलक्या माणसाला हे वरदान ठरले. महासाथीच्या काळात ज्या घरी एक स्मार्टफोन आणि रोजचा दीड जीबी होता, त्या घरची शाळा कशीबशी चालू राहिली. (शासनाचे आदेश व्हॉट्सअॅपवर येऊ लागल्यापासून शिक्षकाला तर डेटा नसलेला पॅक घेण्याची सोयच उरलेली नाही, हे जाता जाता.)

तोटा झाला तो न बोलणाऱ्याचा. माप दिवसांचे झाले की बोललात किती याला अर्थ राहत नाही. नंबर जिवंत ठेवण्याचेच पैसे पडतात. २०१८ च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया यांनी २८ दिवसांसाठी किमान ३५ रुपयांचा रिचार्ज आवश्यक केला. ‘आजीवन’ समजून बसलेल्यांना तेव्हा संदेश गेले. शिल्लक असताना सेवा लगेच तोडू नका, आधी नीट कळवा, असे ट्रायला कंपन्यांना सांगावे लागले. ३५ भागिले २८, म्हणजे दिवसाला सव्वा रुपया. जुलै २०२४ च्या दरवाढीत याच दोन कंपन्यांचा अमर्याद बोलण्याचा २८ दिवसांचा सर्वांत कमी पॅक १७९ वरून १९९ रुपयांवर गेला, जिओचा १५५ वरून १८९ वर. १९९ भागिले २८, म्हणजे दिवसाला ७ रुपये ११ पैसे. त्यात बोलणे अमर्याद आहे आणि थोडा डेटाही आहे हे कबूल. पण ज्या आजीला आठवड्यातून दोनदा मुलाचा फोन येतो तिने ते घेऊन करायचे काय? त्या जुलैत दर न वाढवणाऱ्या बीएसएनएलचे ग्राहक सुमारे २९ लाखांनी वाढले. वेगाने इंटरनेट तिच्याकडे तेव्हा फारसे नव्हते. स्वतःच्या देशी बनावटीच्या ४जी जाळ्याचे तिचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले.

हे २८ दिवसही पाहण्यासारखे आहेत. आपला पगार, भाडे, दुधाचे बिल महिन्यावर. फोन चार आठवड्यांवर. ३६५ ला २८ ने भागा : १३ आणि वर एक दिवस. म्हणजे ‘महिन्याचा’ रिचार्ज वर्षातून तेरा वेळा. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीकडे निदान एकेक पॅक ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला भरता येईल असा असलाच पाहिजे, असे ठरवले. पण दुकानात मागितल्याशिवाय तो पुढे येत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने आणखी एक नियम केला : ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी फक्त बोलणे आणि संदेश यांचे पॅक द्यावेत. जानेवारी २०२५ मध्ये ते आले. पहिले दर फार आहेत अशी टीका होताच काही दिवसांत ते थोडे खाली आणले गेले. एअरटेलचे ८४ दिवसांना ४६९ आणि ३६५ दिवसांना १८४९ रुपये. जिओचे ८४ दिवसांना ४४८ आणि ३३६ दिवसांना १७४८. फळ्यावर मांडले तर दिवसाला ५.५८, ५.०७, ५.३३ आणि ५.२० रुपये असे आकडे येतात. ३३६ हा आकडा वर्षासारखा वाटतो, पण तो २८ गुणिले १२ आहे. वर्षाला २९ दिवस कमी.

निवड करताना या भागाकाराबरोबर आणखी एक मोजणी करावी, ती लहरीची. बहुतेक स्मार्टफोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत एक ऋण आकडा दिसतो : उणे ८०, उणे ११० असा. हा डेसिबलचा हिशेब घातांकी असतो. दहाने खाली गेले की शक्ती दहापट कमी. उणे ८० आणि उणे ११० यांत तीसचा फरक, म्हणजे शक्तीत हजारपटीचा. पट्ट्या एकदोनने कमी दिसतात, प्रत्यक्षात फरक एवढा असतो. शेजाऱ्याचे निरनिराळ्या कंपन्यांचे फोन मागून घेऊन, आपल्या घरात, आपल्या शेतात हा आकडा पाहावा. जमल्यास वीज गेलेली असताना पाहावा, कारण टॉवरची बॅटरी किती टिकते हे तेव्हाच कळते. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या या तालुक्यात पुरात चालू राहणारा फोन आणि स्वस्त फोन हे दोन प्रश्न वेगळे ठेवता येत नाहीत.

आता पुन्हा त्या चार आकड्यांकडे. सर्वांत स्वस्त दिवस ५ रुपये ७ पैशांचा, पण तो घ्यायला एकरकमी १८४९ रुपये हवेत. ज्याच्याकडे एका वेळी दोनशेच असतात तो २८ दिवसांचा पॅक तेरा वेळा भरतो आणि वर्षाला २५८७ रुपये देतो, म्हणजे साडेसातशेच्या आसपास जास्त. ऊसतोडणी कामगाराच्या हातात एकरकमी पैसा येतो तो मुकादमाकडून उचल मिळते तेव्हा, हंगामाच्या तोंडावर, आणि त्याला आधीच दहा वाटा फुटलेल्या असतात. हंगाम साधारण चार-पाच महिन्यांचा. ८४ दिवसांचे दोन पॅक म्हणजे १६८ दिवस, रुपये ९३८. टोळी गावी परतेपर्यंत ते पुरतात. एक पॅक कामगाराच्या फोनवर आणि एक गावाकडे मुलांपाशी ठेवलेल्या फोनवर, असे म्हटले तर रक्कम दुप्पट होते, १८७६.